कामावरचा भागीदार
प्रस्तावना

लक्ष्मणराव बळवंत फाटक रेल्वेत कारकून होते. नोकरीत असताना रेल्वेची कामं त्यांनी आतून पाहिली होती आणि पुढे ते स्वतःच कंत्राटं घेऊ लागले. अनुभव होता, भांडवल तुटपुंजं होतं. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातल्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट नेमकी उलटी. जन्म 1882 चा, घरात पैसा होता, बाजारात पत होती, पण घरच्या धंद्यात मन लागत नव्हतं आणि बांधकामाचा गंध नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दोघे एकत्र आले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ‘फाटक-वालचंद’ ही भागीदारी सुरू झाली. पुढे 1920 मध्ये ती टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली, बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम झालं आणि 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली. बार्शीची ती अरुंद रूळांची रेल्वे येडशीवरून 1911 मध्ये लातूरला पोहोचली होती.

त्याच येडशीहून आज बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला चौपदरी महामार्ग जातो. पाडळसिंगीच्या नाक्यावर आपण टोल भरतो, तो रस्ता बांधण्यासाठी आयआरबी या रस्तेबांधणी कंपनीने ‘येडशी औरंगाबाद टोलवे’ नावाची वेगळी कंपनी काढली. 189 किलोमीटर रस्ता आणि 26 वर्षांचा करार, एवढ्यापुरतीच ही कंपनी. 2020 मध्ये ती एका गुंतवणूक न्यासाकडे गेली आणि त्या न्यासात सिंगापूर सरकारचा जीआयसी हा गुंतवणूक निधी भागीदार झाला. म्हणजे गेवराई तालुक्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या उत्पन्नात आज सिंगापूरचा वाटा आहे आणि तो किती, कशाचा, कधीपर्यंत, हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. जोखीम कोणाची आणि डागडुजी कोणाकडे, याबद्दलही शंका ठेवलेली नाही.

आता त्याच महामार्गावरून उतरून एखाद्या वाडीकडे जाणाऱ्या तीन किलोमीटरच्या रस्त्यावर या. कामाच्या फलकावर एका कंत्राटदाराचं नाव आहे. प्रत्यक्ष रोलर दुसऱ्याचा चालतो आहे. खडी तिसऱ्याच्या क्रशरची आहे आणि मजूर आणणारा मुकादम चौथा. चौघांमधला व्यवहार काय, असं विचारलं तर एकच उत्तर मिळतं: ‘आपसात आहे.’ हे पुस्तक त्या ‘आपसात’विषयी आहे.

माझं काम कंत्राटदारांचे हिशेब आणि विवरणपत्रं पाहण्याचं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बीड आणि अंबाजोगाई या दोन्ही विभागांत कामं करणारे लोक माझ्याकडे येतात, जिल्हा परिषदेची आणि जलसंधारणाची कामं करणारेही येतात. त्यांच्या फायली वर्षानुवर्षं पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. आपल्याकडे भागीदारी भरपूर आहे, पण ती निविदा मिळवण्यापुरती कागदावर येते आणि काम सुरू झालं की कागदावरून गायब होते. काम करणारा माणूस कागदावर आला पाहिजे, एवढंच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. पुढच्या प्रकरणांमधले करारांचे नमुने, कलमं आणि तक्ते त्यासाठीच आहेत.

मुळात दोन कंत्राटदार एकत्र का येतात? हौस म्हणून कोणी येत नाही. निविदेच्या अटी त्यांना एकत्र आणतात. पाच वर्षांतली उलाढाल, तशाच प्रकारच्या कामाचा दाखला, स्वतःचा किंवा भाड्याचा हॉट मिक्स प्लँट, बँकेचा सॉल्व्हन्सी दाखला आणि या सगळ्यावर बिड कपॅसिटी. ही शेवटची अट तरुण कंत्राटदारांना सर्वात जास्त छळते, म्हणून ती उदाहरणानं सांगतो. बऱ्याच निविदांत हिशेब असा असतो: मागच्या पाच वर्षांतली सर्वोच्च वार्षिक उलाढाल, गुणिले काम पुरं करायची वर्षं, गुणिले दोन, आणि त्यातून हातातल्या कामांची त्या मुदतीतली शिल्लक रक्कम वजा. समजा, माजलगावच्या एका कंत्राटदाराची सर्वोच्च उलाढाल 3 कोटी आहे. काम 12 महिन्यांचं आहे. म्हणजे 6 कोटी झाले. त्याच्या हातात साडेचार कोटींची कामं अजून पुरी व्हायची आहेत. उरली क्षमता दीड कोटीची. निविदा 4 कोटींची असेल तर त्याचा पहिला लिफाफाच बाद होतो, दर किती भरला हे कोणी उघडूनही पाहत नाही. धारूरच्या दुसऱ्याची उलाढाल 2 कोटी आणि हातातलं काम 1 कोटीचं, म्हणजे क्षमता 3 कोटींची. तोही एकटा बाद. दोघांचे मिळून साडेचार कोटी होतात. ही बेरीज सरळ करायची की ज्याच्या त्याच्या वाट्याच्या प्रमाणात, हे निविदेत लिहिलेलं असतं. कित्येक छोट्या निविदांत संयुक्त उपक्रमाला (जेव्हीला) परवानगीच नसते. जेव्हीचा करार करायला वकिलाकडे धावण्याआधी ती ओळ वाचा. ती न वाचता बयाणा रक्कम, मुद्रांक आणि पंधरा दिवसांची धावपळ वाया घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसऱ्याचा अनुभव आपल्या खात्यात धरता येतो का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना आणि महत्त्वाचा निर्णय आहे, नोव्हेंबर 1994 चा. प्रकरण हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरीचं होतं. डिरेक्टरी छापण्याची निविदा निघाली. ‘न्यू होरायझन्स’ या कंपनीनं सरकारला इतरांपेक्षा कितीतरी जास्त रॉयल्टी देऊ केली होती. ही कंपनी भारतीय आणि सिंगापूरच्या कंपन्यांनी मिळून उभारलेली होती. खात्यानं म्हटलं, तुमच्या स्वतःच्या नावावर डिरेक्टरी छापल्याचा अनुभव नाही, आणि निविदा नाकारली. न्यायालयानं खात्याचा निर्णय मोडीत काढला. संयुक्त उपक्रमाच्या नावामागे जे घटक उभे आहेत त्यांचा अनुभव पाहिलाच पाहिजे, चार व्यवहारी माणसं जसं पाहतील तसं पाहा, असा त्याचा आशय. आज कोणत्याही निविदेत ‘भागीदारांचा अनुभव ग्राह्य’ असं कलम दिसतं, त्याच्या मागे हा विचार आहे. पण याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. अनुभव ज्याचा धरला, तो माणूस कामावर यायला हवा. नुसता दाखला देऊन घरी बसणारा भागीदार या विचाराशी बेइमानी करतो.

आणि आपल्याकडे हेच सर्रास चालतं. ‘लायसन वापरायला दिलं’ हे वाक्य बीडच्या कोणत्याही टेंडर कारकुनाच्या टेबलापाशी ऐकायला मिळतं. ज्याचं लायसन त्याला टक्का मिळतो, काम दुसरा करतो, बिल पहिल्याच्या खात्यावर जमा होतं आणि मग दुसरा त्याच्या मागे फिरतो. बिलातून आयकराची कपात, जीएसटीची 2 टक्के कपात, 1 टक्का कामगार उपकर, गौण खनिजाचं स्वामित्वधन, सुरक्षा ठेव हे सगळं आधीच वळतं झालेलं असतं आणि त्याचं श्रेय लायसनवाल्याच्या पॅनवर पडतं. काम करणाऱ्याच्या नावावर ना उलाढाल दिसते, ना अनुभवाचा दाखला. दहा वर्षं रस्ते करूनही त्याच्या हाती स्वतःचा असा एक दाखला नसतो. पुढच्या निविदेला तो पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा. सरकारी करारात कार्यकारी अभियंत्याच्या परवानगीशिवाय काम पोटठेक्यानं देऊ नये अशी अट असते. त्यामुळे वाद झालाच तर हा माणूस खात्याकडे जाऊन ‘काम मी केलं’ असं सांगूही शकत नाही, कारण तसं सांगणं म्हणजे करार मोडल्याची कबुली.

जुलै 2025 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदारानं आत्महत्या केली. जलजीवन मिशनच्या कामांचे पैसे थकल्यामुळे तो कर्जात बुडाला होता, असं त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं. त्यावर सरकारकडून उत्तर आलं, की त्याच्या नावावर काम नव्हतं, त्यानं पोटकंत्राट घेतलेलं असावं. ते उत्तर वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्या जिल्ह्यातली किती नावं आली, ते मी इथे लिहू शकत नाही. पाइपलाइन खणणारा, टाकीचा स्लॅब टाकणारा, त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढणारा माणूस सरकारच्या दप्तरात नसतोच. सरकारनं पैसे वेळेवर द्यायला हवेत, यात वाद नाही आणि त्या थकबाकीबद्दल राज्यातल्या कंत्राटदारांच्या संघटनांनी जे आंदोलन केलं ते रास्तच होतं. पण ज्याचं नाव दप्तरात नाही, त्याला मागायलाही जागा उरत नाही. हे या पुस्तकातलं सगळ्यात दुखरं सत्य आहे आणि त्यासाठीच पोटकंत्राटाचं प्रकरण इतकं लांब झालं आहे.

कायदा कोरडा वाटतो, पण या बाबतीत तो काम करणाऱ्याच्या बाजूनं उभा राहू शकतो. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा. त्याच्या 69 व्या कलमानुसार नोंदणी न केलेल्या भागीदारी संस्थेला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. नोंदणीचा खर्च किरकोळ आहे, तरी ती टाळली जाते आणि मग लाखोंच्या येण्यावर पाणी सोडावं लागतं. 25 वं कलम सांगतं, की संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्र आणि एकेकटाही जबाबदार असतो. संयुक्त उपक्रमाच्या निविदेतही हीच अट लिहून घेतली जाते. तुमचा वाटा 20 टक्के असला तरी काम अर्धवट पडलं तर खातं पूर्ण वसुलीसाठी तुमच्याकडे येऊ शकतं. पाहुण्याच्या शब्दाखातर सही करून देणाऱ्यांनी हे एकदा मोठ्यानं वाचावं.

करांचा प्रश्नही इथेच येतो. दोघे मिळून काम करतात आणि नफा वाटून घेतात, तेव्हा आयकर खातं त्यांना एकत्रित ‘व्यक्तींचा समूह’ मानू शकतं आणि वेगळं पॅन, वेगळा कर, वेगळं विवरणपत्र मागू शकतं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं 7 मार्च 2016 च्या परिपत्रकात मोठ्या तयार-बांधकामाच्या (टर्नकी) करारांपुरता याचा खुलासा केला. प्रत्येक सदस्य आपापल्या वाट्याचं काम स्वतंत्रपणे करत असेल, त्याचा खर्च आणि नफा-तोटा स्वतःच सोसत असेल, तर त्यांना समूह मानू नये. म्हणजे पुलाचं काम एकाकडे, जोडरस्त्याचं दुसऱ्याकडे, असं काम वाटून घेणं आणि सगळं एकत्र करून शेवटी नफा वाटणं, या दोन तऱ्हांत कराचा फरक पडतो. करार लिहिण्याआधी हे ठरवा, नंतर ठरवता येत नाही.

भागीदारी आणि साटंलोटं यांतली रेषा कुठे आहे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तिघांनी मिळून एकच निविदा भरली आणि आम्ही एकत्र आहोत असं लिफाफ्यावर लिहिलं, तर ती भागीदारी. तिघांनी तीन निविदा भरल्या, एकाचा दर खाली, बाकीच्या दोघांचे मुद्दाम वर, तर ती रिंग, मग तिला कोणी ‘सपोर्ट’ म्हणो की ‘मॅनेज’. 2002 च्या स्पर्धा कायद्याचं तिसरं कलम निविदेतल्या संगनमताला थेट हानिकारक मानतं, आणि त्याच कलमात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सूट देतं. कायदा एकत्र येण्याला मना करत नाही, लपून एकत्र येण्याला करतो. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांवर नागरिक चेतना मंचानं तक्रार केली होती. निविदा कोणत्या संगणकावरून भरल्या, पैसे कुठून आले, हे तपासून स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये संगनमताचा निष्कर्ष काढला आणि दंड केला. चौकशीत स्वतः पुढे येऊन माहिती देणाऱ्यांना दंडात सवलत मिळाली. ई-निविदा आल्यापासून सगळं संगणकात नोंदलं जातं, हे ध्यानात ठेवावं.

बीडमध्ये बसून या विषयावर लिहिताना आणखी एक गोष्ट टाळणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचा तपास यंत्रणेचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे. तो प्रकल्प सरकारी कंत्राटाचा नव्हता. पण काम कुठलंही असो, पैसा न घालता, घाम न गाळता वाटा मागणारा माणूस या जिल्ह्यात नवा नाही, हे कंत्राटदारांना ठाऊक आहे. अशा माणसाला करारात बसवण्याची कोणतीही युक्ती या पुस्तकात नाही. असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘सल्लागार’ किंवा ‘निष्क्रिय भागीदार’ अशा नावाखाली तो आत आला की प्रामाणिक भागीदारही त्याच्या कृत्यांना बांधला जातो.

छोट्या कामांचा विचार करताना मजूर सहकारी संस्थांकडे वळावं लागतं. महाराष्ट्रात छोटी कामं वाटताना 33 टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, 33 टक्के मजूर संस्थांना आणि 34 टक्के खुल्या कंत्राटदारांना, अशी विभागणी काम वाटप समितीमार्फत होते. कल्पना उत्तम होती. मजुरांनी स्वतः एकत्र येऊन काम घ्यावं, मधला ठेकेदार नको. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था सुरू झाल्या त्या याच विचारानं. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, महात्मा जोतीराव फुले पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होते. कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी आणि खडकवासल्याच्या धरणाच्या साहित्यपुरवठ्याशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बांधकाम खात्यात मजुरांची आणि सरकारची लूट कशी होते, यावर त्यांनी पोटतिडकीनं लिहिलं. तो धंदा आतून पाहिलेल्या माणसाचं लिहिणं होतं. आज मजूर संस्थांच्या यादीत मजूर किती आणि गाडी-बंगलेवाले किती, हे गावागावांत माहीत आहे. आडनावं वाचली तरी कळतं. संस्था एकाची, काम दुसऱ्याचं, टक्का तिसऱ्याचा. ज्या मजुराच्या नावानं संस्था उभी राहिली, त्याला त्याची खबरही नसते.

तो मजूर असतो तरी कुठे? दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, केज, धारूरची गावं रिकामी व्हायला लागतात. टोळ्या मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. बांधकामाचा हंगाम नेमका हाच, पाऊस संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. वर्क ऑर्डर दिवाळीच्या सुमारास हातात पडते तेव्हा गावात काम करणारे हात नसतात. मग मजूर बाहेरून आणावे लागतात, किंवा काम एप्रिल-मेवर ढकललं जातं आणि जूनचा पाऊस डोक्यावर घेऊन घाईत उरकलं जातं. काळ्या मातीच्या पट्ट्यात घाईनं दाबलेला भराव पहिल्या पावसात खचतो, आणि दोष डांबराला दिला जातो. बीडच्या कंत्राटदारानं भागीदार निवडताना त्याचा प्लँट पाहावाच, पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये तो माणसं कुठून आणणार, हेही विचारावं. करारात ते लिहावं. या विषयावरच्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकात हे सापडणार नाही, कारण ही अडचण आपल्या जिल्ह्याची आहे.

भागीदाराचा वाटा वेळेवर आला नाही की काय होतं, ते बीडकरांनी मोठ्या प्रमाणावर सोसलं आहे. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग 261 किलोमीटरचा, मंजुरी 1995-96 ची, खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा. निधी आणि भूसंपादन यांत वर्षं गेली, खर्च कितीतरी पटींनी फुगला आणि बीड स्थानकात गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. दोन सरकारांच्या भागीदारीत हे घडू शकतं, तर दोन मित्रांच्या भागीदारीत कोणी किती पैसे कोणत्या तारखेला घालायचे हे लिहायला संकोच कशाला?

हे पुस्तक वाचताना क्रम पाळण्याची गरज नाही. नुकताच डिप्लोमा करून नोंदणी केलेल्या मुलामुलींनी आधी पोटकंत्राटाचं प्रकरण वाचावं, मग बँक खात्याचं. संयुक्त खातं, दोघांच्या सह्या, बिल त्याच खात्यात, हा साधा नियम पाळला तरी निम्मी भांडणं होत नाहीत. मोजमाप पुस्तिकेत कोणत्या तारखेला कोणतं मोजमाप घेतलं, याची नक्कल दोन्ही भागीदारांकडे असावी, हे तिथे नमुन्यासह दिलं आहे. जुन्या कंत्राटदारांनी मात्र शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. ते काम संपल्यानंतरच्या काळाविषयी आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षं त्याची देखभाल कंत्राटदारानं करायची असते. फायनल बिलानंतर एक भागीदार पुण्याला निघून जातो, दुसरा दुसऱ्या कामात गुंततो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात खड्डे पडले की नोटीस मात्र दोघांच्या नावानं निघते. खड्डा कोणी बुजवायचा, खडी-डांबराचे पैसे कोणी घालायचे आणि अडकलेली सुरक्षा ठेव सुटल्यावर ती कोणत्या प्रमाणात वाटायची, याची तीन कलमं त्या प्रकरणात तयार दिलेली आहेत. ती आपल्या करारात उतरवून घ्यावीत, कामाची पहिली गाडी उतरण्याआधी.